डाव्या अंगठ्याची हजेरी

सरकारनं बायांना शिवण शिकवायचं ठरवलं, पैसा दिला, मशिनी दिल्या, आणि मग स्वतःच घाबरलं की हा पैसा मधेच कोणी खाईल. म्हणून केंद्राकेंद्रातल्या भिंतीवर एकेक डबी ठोकली. डबीवर अंगठा ठेवला की आतून एक बाई बोलायची, थँक्यू. म्हणजे तुम्ही आलात. अंगठा नाही जुळला तर म्हणायची, प्लीज ट्राय अगेन. मग तुम्ही समोर धडधडीत उभ्या असलात तरी आला नाहीत. आता यावर कोणाशी भांडणार?

असं एक शिलाई केंद्र मूर्तिजापूरला स्टेशनामागं होतं. एका जुन्या गोदामाचा वरचा मजला, खिडकीतून बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेचे गवतात बुडालेले रूळ दिसायचे. चालवणारी संस्था अकोल्याची, तिचे मनोज सर अकोल्यालाच बसायचे, आणि शिकवायला एकटी रागिणी पाठक. रागिणी अमरावतीची, अंबागेटच्या आतली. वडील शाळेत मास्तर होते, ते गेल्यावर घरात आई आणि ती. रोज सकाळी बडनेऱ्याहून पॅसेंजर धरायची, संध्याकाळी परतीची. चाळिशीला टेकलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, बोलायला तिखट, पण कोणाच्या डोळ्यांत पाणी दिसलं की तिचं सगळं तिखटपण पार उतरायचं. तिथंच तिचा घात झाला.

नियम असा होता की परीक्षेच्या दिवसापर्यंत बॅचमध्ये वीस बाया हव्यात. पहिल्या आठवड्यानंतर नवीन नाव घेता येत नाही. एक जरी गळाली तर बॅच रद्द, अनुदानाचा हप्ता बंद, परीक्षा नाही. आणि परीक्षा नाही म्हटल्यावर पास होणाऱ्या प्रत्येकीला जी शिलाई मशीन घरी मिळायची, तीही नाही. रागिणीला हिंडून फिरून बरोबर वीसच मिळाल्या होत्या. बहुतेक माळ्यांच्या घरच्या, फुलं आणि भाजीपाला पिकवून बाजारात बसणाऱ्या. त्यातल्या प्रत्येकीनं ती मशीन मनातल्या मनात घरी नेऊन ठेवली होती. श्रावणी नावाच्या एकीला नवऱ्यानं टाकलं होतं, भावाच्या घरी भावजयीची बोलणी खात दिवस काढत होती. ती म्हणायची, मशीन भेटली की दुसऱ्याच दिवशी स्टेशन रोडला ओटा धरतो आन बसतो. हे सांगताना तिचा आवाज बदलायचा, आणि रागिणीला आतून गलबलून यायचं.

पण माळ्याच्या बाईचा अंगठा कसा असतो, ते डबी बनवणाऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं. पहाटेपासून निंदण, खुरपं, मिरची तोडणं, झेंडूची फुलं खुडणं, वरून राखेनं भांडी. बोटांवरच्या रेघा झिजून जातात. पहिल्या दिवशी डबीतल्या बाईनं निम्म्या जणींना ट्राय अगेन म्हणून परत पाठवलं. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, मशीनातली बाई रुसली वाटते. मग अंगठा केसांत घासून, कपाळाला लावून, ओल्या फडक्यानं पुसून एकेकीचा कसाबसा बसला. राहिली ती एकटी अनसूया.

अनसूया मेहरे. तिशी ओलांडलेली, लांबोडकी, डावखुरी. कापड उलट्या बाजूनं धरायची, कात्री उलटी चालवायची, आणि टीप मात्र अशी सरळ मारायची की रागिणीनं नाव ठेवायला जागा शोधावी. तिची दहाही बोटं डबीवर ठेवून पाहिली. एकही जुळेना. अंगठा तर वापरलेल्या साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. अनसूयेचं तोंड उतरलं. मुकाट्यानं पिशवी उचलून ती जिन्याकडं निघाली.

रागिणीनं अकोल्याला फोन लावला. मनोज सर म्हणाले, लावून टाका न मॅडम कोणाचाही, बाई तर खरी आहे न? बाई खरीच होती. रागिणीचा उजवा अंगठा तिच्या स्वतःच्या नावावर होता, म्हणून तिनं अनसूयेच्या नावावर आपला डावा अंगठा नोंदवला. तात्पुरतं म्हणून. डबीतली बाई गोड आवाजात थँक्यू म्हणाली आणि अनसूया जिन्यातून परत आली.

मग तो रोजचाच खेळ झाला. रागिणी आधी स्वतःचा उजवा लावायची, मग डावा. आणि अनसूया शेजारी उभी राहून हसायची, की म्याडम, तुमच्या हातावर बसून आली मी. अंगठा लागला की अनसूयेच्या मोबाईलवर मेसेज जायचा, आपली आजची उपस्थिती नोंदवली आहे. जाताना पण अंगठा लावायची सोय होती, त्यासाठी एक हिरवं बटण होतं. पण मनोज सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की हप्ता सकाळच्या अंगठ्यावर निघतो, संध्याकाळचा कोणी पाहत नाही. संध्याकाळी बायांना घरी चुली, रागिणीला पॅसेंजर. ते हिरवं बटण कोणी एकदाही दाबलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर, झेंडूला भाव आला होता तेव्हा, अनसूया अंधुक उजेडात फुलं तोडायला वावरात गेली आणि तिला साप चावला. अकोल्याला नेईपर्यंत वाटेतच गेली. रागिणी अमरावतीहून मातीला आली. उद्धव, अनसूयेचा नवरा, बांधावर बसून जमिनीकडं पाहत होता. सासू पार्बताबाई रडत नव्हती. जे येईल त्याला ती एकच सांगत होती की पोरगी अनवाणी गेली, चपला घरीच राहिल्या तिच्या.

दिवाळीनंतर केंद्र उघडलं. बाया आल्या, आपापल्या मशीनवर बसल्या, आणि मागच्या ओळीतली खिडकीजवळची एक मशीन रिकामी राहिली. रागिणीनं बाहेर जिन्यात जाऊन मनोज सरांना फोन केला. त्यांनी मनापासून वाईट वाटून घेतलं, चांगली दोन मिनिटं. मग म्हणाले की नियमात मेलेल्या बाईसाठी वेगळी जागा नाही, सोडून गेली असंच धरतात. एकोणीस झाल्या की बॅच गेली. परीक्षा संक्रांतीच्या आधी आहे, मॅडम, तुम्हीच ठरवा.

ती आत आली तर सगळ्या जणी तिच्याकडं पाहत होत्या. एकीनंही लाव म्हटलं नाही, की नको लावू म्हटलं नाही. श्रावणीनं मान खाली घातली आणि मशीनच्या चाकावर हात ठेवला, कोणी काढून नेईल की काय अशा धास्तीनं. रागिणीनं उजवा अंगठा लावला. थँक्यू. मग डावा लावला. तिला वाटलं होतं, डबी निदान थोडा वेळ तरी घेईल. डबीतली बाई लगेच म्हणाली, थँक्यू.

दुसऱ्या दिवशी दुपारी पार्बताबाई जिना चढून आली. हातात स्टीलचा डबा. कोणाशी न बोलता मागच्या ओळीत गेली, रिकाम्या मशीनवर डबा ठेवला आणि पदरानं त्यावरची धूळ पुसली. रागिणीनं जवळ जाऊन हळूच विचारलं, आजी, हे काय?

पार्बताबाई आठवी शिकलेली, मेसेज वाचता येणारी बाई. तिनं कमरेचा मोबाईल काढून दाखवला. अनसूयेचाच मोबाईल, रोज चार्ज केलेला.

"मले माहीत हाय ते गेली. म्या माह्या डोयानं पाहिलं. पण हा म्हणते ते आली. आली तं तिले उपाशी कावून ठेवू?"

रागिणीला सांगता आलं असतं की तो अंगठा माझा आहे. पण एकोणीस जणी ऐकत होत्या आणि त्यांच्या मशिनी त्या एका वाक्यावर टांगलेल्या होत्या. तिनं डबा तसाच राहू दिला. संध्याकाळी केंद्र बंद करताना तिनं डबा उचलला तर तो हलका लागला. उघडून पाहिला. आत भाकरीचा तुकडासुद्धा नव्हता, आणि ठेचा बोटानं पुसून खाल्लेला होता.

तिला वाटलं, बायांपैकी कोणी खाल्लं असेल. मांजर असेल. माणूस स्वतःला समजवायला बसला की काय काय सापडतं! पण डबा रोज यायचा आणि रोज रिकामा व्हायचा.

मग तिच्या डाव्या हाताला वास यायला लागला. आधी तिला कळेना कशाचा. पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसलेली असताना एकदम झेंडूचा उग्र, ओला वास यायचा, आणि ती इकडंतिकडं पाहायची की कोणाच्या टोपलीत फुलं आहेत. टोपली कुठं नसायची. घरी साबणानं हात धुतले, लिंबू चोळलं, वास जाईना. तो फक्त डाव्याच हाताला होता. उजवा स्वच्छ.

एकदा फळ्यावर ब्लाउजचं कटिंग काढून दाखवताना बाया अचानक गप्प झाल्या. रागिणीनं वळून पाहिलं, मग फळ्याकडं पाहिलं. बाहीचा गोलवा तिनं उलट बाजूनं काढला होता, डाव्या हातानं, आणि रेघ कुठंही थरथरली नव्हती. तिनं खडू उजव्या हातात घेतला आणि हसून वेळ मारून नेली. त्या दिवशी दुसरं कोणीच हसलं नाही.

अमरावतीला आई बरेच दिवस पाहत होती. एका संध्याकाळी ताट वाढलं आणि आईचा हात मधेच थांबला. अगं, डाव्या हातानं जेवतेस? असं ती इतक्या हळू म्हणाली की रागिणीला आधी ते ऐकूच आलं नाही. मग आईनं दुसरी गोष्ट काढली. रोज मी पोळीभाजीचा डबा देते, तो कितीक दिवस तसाच भरलेला परत येतोय, तू दुपारी खातेस तरी काय? रागिणी म्हणाली, खाते की. आणि तोंडातून शब्द निघाल्यावर तिला आठवेना, आज दुपारी आपण काय खाल्लं ते. दुपारच आठवेना.

दुसऱ्या दिवशी तिनं श्रावणीला बाजूला घेतलं आणि सरळ विचारलं, जेवणाच्या सुट्टीत मी काय करते? श्रावणी कावरीबावरी झाली. आढेवेढे घेत शेवटी बोलली.

"तुमी मांगच्या मशीनवर बसता न म्याडम. अनसूयेचा डबा खाता. आमी हाका मारतो तं ओ देत नाई. आमाले वाटलं, तुमच्या जिवाले लागलं तिचं जाणं."

रागिणी भिंतीला टेकली. तिनं मागच्या मशीनकडं पाहिलं. प्रत्येकीला परीक्षेत स्वतः शिवलेले कपडे मांडायचे होते. अनसूयेचा ब्लाउज दिवाळीच्या आधी एका बाहीपर्यंत येऊन थांबला होता. आता तो मशीनवर घडी घालून ठेवलेला होता, दोन्ही बाह्या लागलेल्या. रागिणीनं तो उलटा करून पाहिला. टीप सरळ होती, आणि उलट्या बाजूनं मारलेली होती.

आपल्या हातानं शिवला म्हणावं तर आठवत नाही, दुसऱ्या कोणी शिवला म्हणावं तर इथं डावखुरं कोणी नाही. तिला ओरडावंसं वाटलं. ती ओरडली नाही. वर्ग घेतला, काज कसं करायचं ते शिकवलं, आणि सगळा वेळ डावा हात पदराखाली दाबून धरला. पदराखाली बोटं हलत होती. अदृश्य दोऱ्यात काहीतरी ओवत होती, एकामागून एक, सावकाश.

परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा पार्बताबाई संध्याकाळी आली, बाया गेल्यावर. या वेळी डबा नव्हता. ती जिन्याच्या तोंडाशी बसली आणि रागिणीलाही बस म्हणाली.

"म्याडम, आमी दिवा लावून दारात बसतो. सकाळी हा मोबाईल म्हणते, आली. पण गेली म्हून काही म्हणत नाई. तुमी तिले आत घेता, बाहेर कावून काढत नाई?"

रागिणीनं डबीकडं पाहिलं. हिरवं बटण तिला तिथून दिसत होतं. बाकीच्या बाया आपल्या पायांनी जिना उतरून घरी जायच्या, त्यांना कसलं बटण लागतंय? जिला पाय उरले नव्हते ती रोज सकाळी रागिणीच्या अंगठ्यावर बसून आत येत होती, आणि आतच राहत होती. दिवाळीपासून. रात्री कुलूप लागल्यावरसुद्धा.

तिनं सगळं सांगून टाकलं. अंगठा आपला आहे, बाया वीस लागतात, एकोणीस झाल्या तर कोणालाच मशीन नाही, सगळं. बोलताना ती रडली. पार्बताबाईनं शांतपणे ऐकलं. तिला राग आला असता तर बरं झालं असतं, असं रागिणीला वाटलं.

मग मी आजपासून रोज संध्याकाळी तिला बाहेर काढते, रागिणी म्हणाली. पार्बताबाईनं मान हलवली. म्हणाली, तसं नका करू. रोज काढान आन रोज बलावान, तं ते पोरगी घराच्या अर्ध्या वाटेवरून परत फिरत राहीन. एकदाच काढा आन मंग बलावू नका. आजच काढा म्हणायलाच आली होती, पण ती थांबली आणि रिकाम्या मशिनींच्या ओळींकडं पाहत राहिली. त्या सगळ्या तिच्या ओळखीच्या पोरी होत्या. काहींना तिनं कडेवर खेळवलं होतं.

"परीक्षेच्या सांजेले काढा," ती म्हणाली. "तितके दिवस डबा देतो मी. पण काढा. मी तिच्या चपला घेऊन येतो."

रागिणीनं शब्द दिला. देवीची शपथ घेतली.

परीक्षेच्या दिवशी सकाळी डावा अंगठा पटकन बसेना. प्लीज ट्राय अगेन. रागिणीनं तो केसांत घासला, पदरानं पुसला. प्लीज ट्राय अगेन. मागं बाया श्वास रोखून उभ्या होत्या. बऱ्याच वेळानं, तिनं अंगठा जीव खाऊन दाबला तेव्हा, एकदाचं थँक्यू आलं. थंडीनं होत असेल, असं ती म्हणाली, आणि तिला तसं खरंच वाटलं.

परीक्षक नागपूरहून आले होते, घाईत होते, परतीच्या वाटेवर तिवशाला अजून एक केंद्र पाहायचं होतं. दारात उभं राहून त्यांनी बोटानं डोकी मोजली आणि म्हणाले, वीस, ठीक आहे. रागिणीनं मनात मोजल्या. एकोणीस होत्या. तिनं परत मोजल्या. परीक्षक ओळीओळीनं फिरत गेले, प्रत्येकीचं काम उचलून पाहिलं, काही विचारलं. मागच्या ओळीत खिडकीजवळ ते थांबले, ब्लाउज हातात घेतला, आणि समोरच्या रिकाम्या स्टुलाकडं पाहून कौतुकानं विचारलं, डावखुऱ्या आहात का ताई? वा. मग उत्तर मिळाल्यासारखी मान डोलावली आणि पुढं गेले. श्रावणीनं डोळे गच्च मिटून घेतले होते. रागिणीला मात्र डोळे मिटता आले नाहीत, आणि तिला तिथं कोणीच दिसलं नाही.

दुपारनंतर निकाल तोंडी सांगून परीक्षक गेले. सगळ्या पास. बाया एकमेकींच्या गळ्यात पडल्या, कोणी पेढे आणले, श्रावणी इतकी रडली की तिला पाणी पाजावं लागलं. जाताना प्रत्येकीनं मागच्या मशीनला हात लावून नमस्कार केला, न ठरवता. मग जिना रिकामा झाला.

पार्बताबाई वर आली. खाली उद्धव थांबला होता, त्याच्याच्यानं वर यायचं झालं नाही. तिनं पदराखालून चपलांचा जोड काढला, उंबऱ्याबाहेर ठेवला, टाचा खोलीकडं, तोंड जिन्याकडं, म्हणजे बाहेर पडणारीला पटकन पाय घालता येईल. मोबाईल हातात धरून ती दाराशी उभी राहिली. काढा म्हणाली.

रागिणीनं हिरवं बटण दाबलं आणि डावा अंगठा ठेवला.

"प्लीज ट्राय अगेन."

तिनं परत ठेवला. केसांत घासला. साबणानं धुतला, कोरडा केला, परत ठेवला. तिरपा ठेवला. ठेवून ठेवून बोट दुखायला लागलं. डबीतल्या बाईला घाई नव्हती, राग नव्हता, ती तितक्याच गोडीनं दर वेळी तेच म्हणत होती. शेवटी रागिणीनं अंगठा दिव्याखाली धरून पाहिला.

त्याच्यावर काही नव्हतं. एक रेघ नव्हती. वापरलेल्या साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत.

तिनं लगेच अकोल्याला फोन लावला. दुसरा अंगठा नोंदवा, कोणाचाही, माझं कोणतंही बोट, आत्ताच्या आत्ता. मनोज सर खुशीत होते. म्हणाले, अहो मॅडम, परीक्षा झाली की बॅच लॉक होते, आता त्यात आपल्यालाच काय, वरच्यांनाही हात घालता येत नाही. आणि आता कशाला पाहिजे तुम्हाला ते? पैसा सुटला, मशिनी येतील, आराम करा. फोन बंद झाला.

"निंगाली का म्याडम?" पार्बताबाईनं विचारलं. "मोबाईल वाजला नाई अजून."

रागिणीला खोटं बोलता आलं असतं. निघाली म्हटलं असतं तर म्हातारी चपला घेऊन समाधानानं घरी गेली असती. तिनं नुसता डावा हात पुढं केला. पार्बताबाईनं तो आपल्या दोन्ही हातांत घेतला, आपल्या झिजलेल्या अंगठ्यानं तो अंगठा चाचपला, मनगटापर्यंत हात फिरवला, मग वाकून वास घेतला. तिचा चेहरा क्षणभर उजळला, आणि मग तिला सगळं कळलं.

"हा तं तिचाच हाय," ती म्हणाली.

मागच्या ओळीत खिडकीजवळ पायडल हललं. आधी नुसतं करकरलं. मग मशीन चालायला लागली, बेतानं, पुढचं कापड हातात घेतल्यासारखी. दोघींनी तिकडं पाहिलं. स्टूल रिकामं होतं.

पार्बताबाईनं पिशवीतून डबा काढला. आणला होता तिनं, शब्दावर पुरता भरवसा ठेवला नव्हता बहुतेक. तो तिनं रागिणीच्या डाव्या हातात दिला आणि बोटं त्याभोवती मिटवली.

"तुमी तिले आत बलावलं म्याडम. आता एकटी नका ठेवू तिले."

रागिणीला म्हणायचं होतं की माझी गाडी आहे, आई वाट पाहते आहे. तिनं उजव्या हातानं पर्स उचलली. डावा हात डबा घेऊन मागच्या ओळीकडं निघाला होता, आणि त्याच्या मागं तिला जावंच लागलं. ती स्टुलावर बसली तशी मशीन थांबली. पर्स खाली पडली ती तिनं उचलली नाही. उजवा हात मांडीवर गप्प पडून राहिला आणि डाव्यानं झाकण काढून भाकरीचा पहिला घास मोडला.

खाली स्टेशनात पॅसेंजर लागली, थोडा वेळ थांबली आणि बडनेऱ्याकडं निघून गेली. पार्बताबाई दारात उभी राहून घास संपेपर्यंत पाहत होती. मग उद्या येतो म्हणून ती जिना उतरायला लागली. चपला तिनं तिथंच राहू दिल्या.